मलमातलं पाणी

दोन हजार तेवीस साल, मी बहात्तर वर्षांचा. शाळा दुसरीपर्यंत, बाकी आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. सून कोरफडीचं मलम करून मलकापूरच्या दुकानात पाठवणार होती, डबीवर आमचं आडनाव छापून. त्यात बाटलीतलं औषध घालताना मी तिला पकडलं.

"नैसर्गिक म्हणतीस आन् औषध वततीस? माझं नाव लावू नगंस."

"आवं मामंजी, मलम नासू नये म्हणून मापात घालत्यात ते."

"मेंढरांच्या जखमंला आमी हळद-तेल लावायचो. वर्षभर टिकायचं."

"त्यात पाणी कुठं हुतं? कोरफड म्हंजे निस्तं पाणीच की!"

मी ऐकलं नाही. बिनऔषधाची एक डबी मागून घेतली आणि तिच्या डबीशेजारी कोनाड्यात ठेवली. रोज दोन्ही उघडून बघायचो. पुढं एका संध्याकाळी माझ्या डबीत हिरवट बुरशी दिसली. तिचं मलम होतं तसंच होतं. एवढंसं औषध बुरशीला अडवतं तरी कसं, याचं मला लय नवल वाटलं. पण माणसाच्या कातडीला ते सोसतं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या डबीतलं मलम कोपराच्या आतल्या बाजूला लावलं आणि खाज सुटते का बघत कट्ट्यावर बसलो. सुनेला म्हणालो, "नाव छापायचं का न्हाई, ते उद्या सांगतो."