ओखोत्स्कच्या समुद्रातली फेरपरीक्षा

माझ्या दोघा नातवंडांनो,

हे आत्ताच लिहायला बसले याचं कारण तुमचे आजोबा. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांनी तुम्हाला माझा बोटीतला फोटो दाखवला, तोंड उघडं टाकून झोपलेला, आणि आजी कशी वायकिंगासारखी लाटांवर निवांत झोपली होती ते रंगवून सांगितलं. तुम्ही हसून हसून खुर्चीवरून घसरलात. ही गोष्ट त्यांच्याच तोंडची पक्की होऊन बसण्याआधी खरी हकिगत लिहून ठेवते. तुमची आई वाचून दाखवील. तिने मधलं काही गाळू नये.

तुम्ही नॉर्वेत ज्या बेटावर राहता तिथे पोचायला दोन फेरीबोटी लागतात. तुमच्या जन्मापासून मी तिथे न येण्याची कारणं अतिशय व्यवस्थित देत आले आहे: व्हिसा, गुडघे, इथल्या, जपानातल्या ग्योतोकुच्या घरातलं नळाचं काम, आजोबांचं ऑफिस. खरं कारण एकच. मला बोटीची भीती वाटते. शाळेत समुद्रावरची इंग्रजी कविता हातवारे करून म्हटल्याबद्दल मला बक्षीस मिळालं होतं, पण पुढे गेटवेहून मांडव्याला जाताना लाँच एकदा अशी कलंडली की तेव्हापासून घरचे सगळे अलिबागला लाँचने जायचे आणि मी एस.टी.ने पेणवरून. मी पोचायचे तेव्हा त्यांची जेवणं होऊन भांडीही घासून झालेली असायची.

मग या उन्हाळ्याच्या सुरुवातीला, धाकटे, तू मला विचारलंस, "आजी, आमचा समुद्र तुला चावतो का?" तुम्ही शाळेबरोबर वायकिंगांची थडगी बघायला आणि बोटीतून सील बघायला गेला होतात, त्याचे फोटो दाखवता दाखवता तू मधेच थांबलीस. चेष्टा करत नव्हतीस. मी येत नाही म्हणजे तुमच्यातलंच काहीतरी मला आवडत नाही, असं तुला वाटायला लागलं होतं. याच्यावर नळाच्या कामाचं कारण चाललं नसतं.

तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. आमच्या इमारतीत कोणता कचरा कोणत्या दिवशी टाकायचा याची शंका आली की जपानी शेजारणी मला विचारतात. भीतीचीही मी तशीच शिस्तीत विल्हेवाट लावायचं ठरवलं. आधी बोटीची परीक्षा द्यायची, पास झाले तरच तुमच्याकडचं तिकीट काढायचं. सराव म्हणून आम्ही एका बागेतल्या तळ्यात हंसाच्या आकाराच्या होडीत बसलो. पायडल आजोबांनी मारलं, मी सूचना दिल्या. तळं माझ्या कमरेएवढंही खोल नसावं. तरी उतरल्यावर मी तीन-चार जणांना फोन करून ते पराक्रम म्हणून सांगितलं.

खरी परीक्षा जपानच्या उत्तर टोकाला, होक्काइदो बेटावरच्या अबाशिरी गावात. तिथे ओखोत्स्क समुद्राच्या काठी हजारेक वर्षांपूर्वी दर्यावर्दी लोकांची वस्ती होती. ते उत्तरेकडून होड्यांतून आले, सील आणि देवमासे मारून राहिले आणि मग नाहीसे झाले. आजोबा त्यांना लगेच "आपले वायकिंग" म्हणायला लागले. त्यांच्या घरांचे खड्डे गवतात अजून दिसतात. घरात ते अस्वलांच्या कवट्या मांडून ठेवत, आणि माणूस गेला की त्याला पुरताना डोक्यावर मडकं पालथं घालत. ते कशासाठी, असं मी संग्रहालयात फार गंभीरपणे विचारलं. आजोबा म्हणाले, बोट लागत असेल त्यांनाही.

दुसऱ्या दिवशी देवमासे दाखवायला नेणारी सकाळची बोट होती. औषधांच्या दुकानातल्या मुलीने बोट न लागण्याची गोळी देताना ती घेतल्यावर झोप येते हे मला दोनदा सांगितलं होतं. मी एक गोळी घेतली, खात्रीसाठी वर अर्धी घेतली, वन्संनी पाठवलेला आलेपाक खाल्ला आणि आवळासुपारी गालात धरली. बोट सुटली. बंदराच्या टोकाचा दीपस्तंभ मागे गेला, एवढं मला आठवतं. त्यानंतरचं आठवतं ते धक्क्याला बांधलेला दोर आणि आजोबांचा हात.

मधल्या वेळात काळ्या-पांढऱ्या शिंशुकांचा एक कळप बोटीच्या पुढे पाणी उडवत धावला होता आणि एका देवमाशाने दोनदा पाठ दाखवली होती. ओबा-सान, म्हणजे आजीबाई, झोपल्या आहेत म्हणून सगळ्या बोटीने हे कुजबुजत पाहिलं. फोटोत माझ्या मागे जो पांढरा फवारा दिसतो तो त्यातलाच एक शिंशुक.

आजोबा खूश होते. "झालं की. पास झालीस. काढू या तिकीट."

"झोपेत दिलेला पेपर धरत नाहीत."

"अगं, मग तिकडेही गोळी घे आणि झोप."

"आणि उतरल्यावर पोरांना काय सांगू? तुमचा समुद्र मी पाहिलाच नाही म्हणून?"

 ते जाऊन हॉटेलचा मुक्काम एक दिवस वाढवून आले.

दुसऱ्या दिवशी वारा होता. तिकीट देणाऱ्या बाईंनी मला ओळखलं, वाकून नमस्कार केला, आणि आत आडवं होता येईल असा बाक आहे, पांघरूणही देऊ, असं इतक्या अदबीने सुचवलं की मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी बाहेरच बसणार म्हणून सांगितलं. गोळी घेतली नव्हती. दीपस्तंभ ओलांडताच बोट खाली गेली आणि माझं पोट वरच राहिलं. मी आजोबांच्या स्वेटरची बाही धरली ती सोडलीच नाही. ती बाही आता दुसरीपेक्षा लांब आहे. थोड्या वेळाने खलाशाने दिलेल्या कागदी पिशवीत मी डोकं घातलं, तेव्हा वरून आवाज आला, "मडक्याचं आता पटलं ना?" 

त्या दिवशी एकही देवमासा दिसला नाही. गाईड भोंग्यावरून पुन्हा पुन्हा क्षमा मागत होती, जणू ते सगळे तिच्या घरून न सांगता निघून गेले होते. मला त्यांची उणीव भासली नाही. मी डोळे उघडे ठेवायचं तेवढं काम करत होते. तपकिरी पक्षी पंखाच्या टोकाने पाणी चिरत जात होते, लाटांचा रंग शिशासारखा होता, आणि लांब किनारा वर-खाली होत होता. हे सगळं मी पाहिलं. कलंडलेल्या लाँचमध्ये जेवढी घाबरले होते तेवढीच त्या दिवशी घाबरले, तेही जातायेता सारखंच.

माझा हिशेब असा होता की परीक्षा दिली की भीती जाईल. धक्क्यावर उतरल्यावर मी पाणी प्यायले, जरा बसले आणि आजोबांना म्हटलं, तिकिटं काढा.

"पण तुला भीती वाटली ना?"

"वाटली की. पूर्ण वेळ."

"मग?"

"मग काय. मला भीती वाटत होती आणि बोट चालत होती."

पुढच्या जूनची तिकिटं काढली आहेत, दोन्ही फेरीबोटींसकट. मी गोळी घेणार नाही, त्यामुळे उतरेन तेव्हा पांढरीफटक दिसेन. धक्क्यावर आधी पाणी द्या, मग मिठी मारा. भीती अजून आहे.