दारातला भाकरतुकडा

काय सांगू, त्या दिवशी माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते! बूढापारा मोहल्ल्यात आमच्याकडे भाड्यानं राहणाऱ्या बस्तरच्या नर्सचा भाऊ तुरुंगातून सुटून येणार होता. नक्षली समजून धरलेला. कितीक वर्षांनी कोर्ट म्हणालं, पुरावाच नाही.

ऑटो थांबली तशी मी भाकरतुकडा घेऊन दारात धावले. ओवाळायला हात उचलला, तर त्यानं झटकन दोन्ही हात वर केले न् भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"झडती नाही रे पोट्ट्या, नजर उतरवून राहिली तुझी!"

बहीण हसता हसता रडली. "हव, दाई," म्हणत तोही हसला; तिकडे आईला दाई म्हणतात. हात मात्र वरच. शेवटी मीच ते धरून खाली आणले न् त्यांत लाडू ठेवला.