कुणी आलं की पडायचं

अप्पांनी मोबाईल वर धरला आणि माईकमध्ये म्हणाले, "ही बगा आपली अपंग ताई."

शाळेच्या पटांगणात ग्रामसभा होती. अप्पा म्हणजे सरपंचबाईंचे मिस्टर. बाई निवडून आल्यात, खुर्ची अप्पांची. मी बायकांत पुढंच बसले होते. आणि मोबाईलमध्येही मीच. पुतणीच्या हळदीत, डीजेपुढं, तिचे दोन्ही हात धरून नाचणारी.

"सरकारची पगार खाती ही. दाखल्यावर किती टक्के हाय म्हणं?"

"नाचायला शंभर टक्के!" मागून कुणीतरी ओरडलं. अख्खी सभा हसली. बायकासुद्धा.

मोबाईल हातोहात फिरला. माझ्यापर्यंत आला. मी पाहिलं. मी त्यात तोंड भरून हसत होते. मला माझ्याच हसण्याची लाज वाटली.

मला संधिवात आहे. म्हातारपणी गुडघे धरतात तसला नाही. रक्तातला. मुलगी रांगत होती तेव्हा लागला. सकाळी बोटं मिटलेलीच असतात, एकेक सोडवावं लागतं. आधी मी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता. माझ्या मुठीत कोयता राहीना, तेव्हा मुकादमानं नवऱ्याला अर्धा कोयता लावला. आता तो एकटा जातो. मी आणि मुलगी घरी. नगरच्या दवाखान्यात तपासणी झाली, दाखला मिळाला, मग निराधारचं अनुदान. आमच्याकडं त्याला पगारच म्हणतात. त्यात माझी औषधं भागतात. औषध चुकलं की केस विंचरायला हात वर जात नाही.

हळदीच्या आधी मी इंजेक्शन घेतलं होतं. एक गाणं नाचले. दुसऱ्या दिवशी मुलीनं मला घास भरवला. त्याचा व्हिडिओ कुणी काढला नाही.

हे सगळं सभेत सांगता आलं असतं. मी पदर तोंडावर घेतला आणि उठले. उठताना लंगडले. तेवढं दुखत नव्हतं. तरी लंगडले. फाटकापर्यंत सगळ्यांच्या नजरा पाठीवर, आणि मी पाय ओढतेय.

पुढं तेच सुरू झालं.

संध्याकाळी दीर आला. "वहिनी, अप्पानी अर्ज दिलाय. चौकशी लागंल. धड साडी नेसू नका. वेणी घालू नका. चारचौघांत हसू नका." तो वाईट माणूस नाही. माझी औषधं बंद पडतील म्हणून घाबरला होता. मीही घाबरले होते. ऐकलं. शेवगावच्या बाजाराला जाणं बंद. दारात उभं राहणं बंद. पहाटे बोटं जरा हलकी वाटली की आधी जिवाला बरं वाटायचं. आता धास्ती वाटायला लागली. आज मी बरी दिसले तर?

मुलगी सहावीत आहे. तिला कुणी काही शिकवलं नाही. एका दुपारी हात मोकळे होते. कितीतरी दिवसांनी मी स्वतः भाकरी थापत होते. ती उंबऱ्यावर अभ्यासाला बसली होती. एकदम दबक्या आवाजात म्हणाली, "आई, कुणीतरी आलं. पड."

मी पडले. पिठाच्या हातानं गोधडी ओढली. कण्हायला लागले.

शेजारची जनाबाई होती. माझ्यासाठी ताक आणलं होतं. तिनं तांब्या ठेवला, पायाशी बसली आणि पाय चेपायला लागली.

"लई दुखतंय का गं?"

मी डोळे मिटून मान हलवली. तव्यावर भाकरी करपायला लागली. जनाबाईनं तव्याकडं पाहिलं. मग माझ्या हातांकडं. उठली, भाकरी काढून ठेवली, आणि परत येऊन माझे पाय चेपत बसली.

ती गेल्यावर मुलगी माझ्याकडं बघून हसली. काम नीट जमलं म्हणून. भर सभेत गेली नव्हती तेवढी माझी अब्रू त्या हसण्यानं गेली. आजार खरा होता. दाखला खरा होता. आणि माझी पोर खोटं राखायला उंबऱ्यावर बसली होती.

चौकशीचे साहेब आले त्या दिवशी मी वेणी घातली. धुतलेली साडी नेसले. दीर म्हणाला, "वहिनी, येड लागलं का?" मी म्हणाले, "न्हाई. उतरलं."

पंचायतीत अप्पा साहेबांच्या शेजारी बसले होते. साहेब म्हणाले, "चालून दाखवा."

मी चालले. त्या वेळी जसं येत होतं तसं. अप्पा साहेबांकडं बघून हसले. साहेबांनी लिहिलं आणि कागद पुढं सरकवला. सही करा.

मी वाचलं. 'लाभार्थी चालू शकते.' एवढंच.

"साहेब, तुमी दुपारी बोलावलं म्हणून चालले. सकाळी या. दाराची कडी काढायला मला किती येळ लागतो ते बगा. ते बी लिव्हा."

"तसं लिहायची पद्धत नाही, बाई."

"मंग सही बी न्हाई."

अप्पा ओरडले, "साहेबांशी कसं बोलतीस?"

"अप्पा, मी नाचले. हळद माझ्या पुतणीची हुती. परत बोलावलं तर परत नाचंन."

साहेबांनी कागद परत ओढून घेतला. मग चार ओळी आणखी लिहिल्या. मी वाचल्या, तेव्हाच पेन धरला.

पगार अजून थांबलेला आहे. नगरला फेरतपासणी सांगितलीय. औषधं अर्धी घेते, त्यामुळं सकाळ लांबत चाललीय. कधीकधी वाटतं, लंगडले असते तर सुटले असते. तरी जाणार आहे. डॉक्टर एकदा नाही म्हणाले तर परत जाणार. दुखेल तेव्हा दुखतं म्हणेन, बरं असेल तेव्हा बरं. मुलीला सांगितलंय, दार उघडं ठेव, कुणीही येऊ दे. माझ्या हक्काचं मी मागेन, भांडून मागेन. पण आजारी दिसण्याची मजुरी यापुढं करणार नाही.