झहूर ऑपरेटर आणि पहिलं रीळ

उरणात झहूरचा आवाज कुणाला ठाऊक नव्हता आणि तोंडही फारसं कुणी पाहिलं नव्हतं. तो तंबूच्या सिनेमाचा ऑपरेटर. प्रेक्षकांच्या पाठीमागे पत्र्याच्या केबिनमध्ये उभा असायचा, आणि रीळ तुटलं की मगच लोकांना तो आठवायचा, तेही शिव्या द्यायला. मी जयदेव, दारावर तिकिटं फाडायचो. छप्पन सालापासून नऊ हिवाळे आम्ही दोघांनी त्या तंबूत काढले, म्हणून त्याच्याविषयी सांगायचा अधिकार मला आहे असं मी धरून चालतो.

आमच्या तंबूची एक रीत होती. मुंबईहून मोरा बंदरात येणारी संध्याकाळची लाँच भरती-ओहोटीच्या मर्जीने यायची. ओहोटी असली की ती धक्क्याला लागत नसे, लांब उभी राहायची आणि माणसं होडीतून किनाऱ्यावर यायची. त्यामुळे बरंच पब्लिक खेळ सुरू झाल्यावर आत शिरायचं. त्यांचं नुकसान नको म्हणून खेळ संपला की पहिलं रीळ पुन्हा लावायचं. शेवट आधी, सुरुवात नंतर. देवादिकांच्या पिक्चरला त्याने काही बिघडत नसे, कारण रावण मरणार हे सगळ्यांना घरूनच ठाऊक असायचं.

एकोणसाठच्या जानेवारीत मात्र एक खुनाचा पिक्चर आला. नाव मी विसरलो, आम्ही त्याला बुटांचा पिक्चर म्हणायचो. आदल्या संध्याकाळी झहूरने रिकाम्या तंबूत पहिलं रीळ लावून पाहिलं आणि मला हाक मारली. तो इतका खूश मी कधी पाहिला नव्हता.

"काय दाखवतात ते नको बघू," तो म्हणाला. "काय दाखवत नाय ते बघ."

पडद्यावर एक म्हातारा पाठमोरा बसून घड्याळाला चावी देत होता. गाणं नाही, बाजा नाही, नुसती टिकटिक. मग लांबलचक पडवी आणि तिच्या टोकाला दोन बूट. बूट चालायला लागतात. पुन्हा म्हातारा, पुन्हा बूट, आणि दर वेळी चित्र आधीपेक्षा लवकर बदलतं. मधेच काहीतरी धाडकन पडतं, बघतो तर मांजर. आपण हसतो, अंग सैल सोडतो, आणि तेवढ्यात दाराची कडी हळूच सरकते. टिकटिक थांबते.

"त्या म्हाताऱ्याला ठावं नाय, आपल्याला ठावं हाय," झहूर म्हणाला. "भीती तिथं हाय. तोंड दाखवला असता तर एक मानूस झाला असता. बूट कुनाचेबी असतील." आणि थोडं थांबून म्हणाला, "सगळी करामत थांबायची हाय रे. जो थांबू शकतो, तोच घाबरवू शकतो."

हे वाक्य मी पुढे किती वेळा त्याच्याविरुद्ध मनात घोळवलं असेल.

आमच्याकडे बूट घालून फिरणारा म्हणजे फौजदार किंवा डॉक्टर. दोघंही बरी बातमी आणत नसत. पहिल्या दिवशी ते बूट दिसले तेव्हा जमिनीवर बसलेल्या बायकांनी आपापले पाय पोटाशी ओढून घेतले. झहूर केबिनच्या भोकातून पडदा बघतच नव्हता, तो माणसं बघत होता.

आता चांगदेवचं सांगतो. चांगदेव मोऱ्याचा कोळी, त्याच लाँचीचा तांडेल, म्हणजे लाँच हाकणारा, आणि झहूरचा लहानपणापासूनचा दोस्त. रिळांच्या पेट्या तोच आणायचा, आणि लाँचच त्याच्या हातात असल्यामुळे त्याने जन्मात एकही पिक्चर सुरुवातीपासून पाहिला नव्हता. त्या वर्षी त्याला काचबिंदू झाला. नळीतून बघावं तेवढंच दिसायचं, आणि डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं की तेवढंही जाणार. सुकाणू त्याने हाताखालच्या पंढरीकडे दिलं होतं. त्याच्याकडे उरला होता फक्त पितळी भोंगा, आणि लाँचीवरचे शेवटचे आठ दिवस.

झहूरने त्याला एकदा तरी रजा घे म्हणून सांगून पाहिलं. "आठ दिस हायत, ते मी पान्यावर काढनार," चांगदेव म्हणाला. "पन एक पिक्चर मना पयल्यापासून बघायचा हाय. काय ठावं नसताना."

तेव्हा ठरलं. बुटांच्या पिक्चरच्या चौथ्या, शेवटच्या दिवशी चांगदेव लाँच उभी राहिली की तीन भोंगे देईल, आणि तो तंबूत येईपर्यंत झहूर मशीन चालू करणार नाही. "तू आल्याबिगर चालू नाय करनार," झहूरने छातीवर हात ठेवून सांगितलं. आधीचे तीन दिवस लाँचीत कुणी त्या पिक्चरचा विषय काढला की चांगदेव कानात बोटं घालून बसायचा.

चौथ्या दिवशी नेमकी ओहोटी. सात वाजले, सव्वासात झाले, पब्लिक शिट्ट्या मारायला लागलं. झहूरने मला बत्त्या मालवायला सांगितल्या, म्हणजे काळोखात तरी गप बसतील. आणि खरंच बसले. पिक्चर माहीत असलेले आलेच होते पुन्हा, त्यांनी बाकीच्यांना भरपूर घाबरवून ठेवलं होतं. बघता बघता सगळा तंबू इतका चिडीचूप झाला की कनातीचं कापड हललेलं ऐकू येत होतं. पडद्यावर काही नसताना माणसं घाबरून बसली होती.

तेवढ्यात समुद्रावरून भोंगा आला. एक, दोन, तीन. मी केबिनपाशी गेलो. "झहूर, लाँच आली. अर्धा तास थांबायला लागेल."

त्याने भोकातून माणसांकडे पाहिलं. "आता जशी बसलीत तशी पुन्यांदा नाय बसनार," तो म्हणाला, आणि त्याने मशीन चालू केलं.

मी बत्ती पेटवू शकलो असतो. दारावर माझंच राज्य होतं. पण मलाही ती भीती बघायची होती, आणि मी कनातीला टेकून उभा राहिलो. ही माझी लाज मी झहूरच्या नावावर खपवणार नाही.

चांगदेव आला तेव्हा दोन रिळं झाली होती. घाईत त्याचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. तो बसला आणि शेवटी खुनी कोण ते त्याने सगळ्यांबरोबर पाहिलं. मग रीतीप्रमाणे पहिलं रीळ पुन्हा लागलं. चांगदेव पडद्याच्या अगदी जवळ जाऊन मान वाकडी करून बघत होता. बूट आले. "हे तर मुनीमजीचं," तो शांतपणे म्हणाला. मांजराला तो हसला. पाय त्याने पसरलेलेच ठेवले.

नंतर तो केबिनपाशी आला. "माजा भोंगा ऐकू नाय आला ना तुला?"

झहूर रीळ गुंडाळत होता. "नाय," तो म्हणाला. मी तिथेच उभा होतो आणि मीही गप्प राहिलो.

दीड वर्षात चांगदेवची नजर गेली. मग झहूर रोज सकाळी मोऱ्याच्या धक्क्यावर जायचा आणि प्रत्येक नव्या पिक्चरचं पहिलं रीळ त्याला तोंडाने सांगायचा. किती सावकाश सांगायचा. कुठे आवाज बंद होतो, कुठे नुसता हात दिसतो, कुठे दार. शेवट कधी सांगत नसे. तंबू पासष्टला बंद पडला, तेव्हा तो मनाने रचून सांगायला लागला. चांगदेव ऐकताना पाय जवळ ओढून घ्यायचा, पण झहूरच्या तोंडावर मी त्या पहिल्या संध्याकाळचा आनंद पुन्हा पाहिला नाही.

सदुसष्टच्या हिवाळ्यात आम्ही तिघं असेच धक्क्यावर बसलो होतो. बाहेर एका लाँचीने भोंगा दिला आणि झहूर सांगता सांगता थांबला.

"तुजा भोंगा मी ऐकला व्हता," तो म्हणाला. "तीनही. तरी चालू केला."

चांगदेवने लाँच जिथून वाजली तिकडे तोंड केलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

"मना वाटला भोंगाच बिघडला," तो म्हणाला. "दुसरे दिशी खोलला मी त्याला. वायसर बदलला, पितल घासला. पंढरी बोलत व्हता, तांडेल, भोंगा चांगला हाय, जरा वर बघा, पानी बघा. नजर असताना पान्यावर आठच दिस मिळालं व्हतं, झहूर. त्यातलं दोन मी खाली मान घालून त्यो भोंगा साफ करीत बसलो."