जिपारगुलचा कॉम्प्युटर आणि एडका
किर्गिझस्तानातल्या कोचकोर गावातली आमची शेजारीण जिपारगुल लोकरीच्या नमद्याचे गालिचे करते. कागदावर नक्षी काढून डोळे दुखायला लागले, तेव्हा तिनं कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. तिचा नवरा केनेश आणि मी तिच्यासोबत दुकानात गेलो.

केनेशला स्क्रीनमध्येच सगळं बसवलेला कॉम्प्युटर आवडला. "घरभर लोकर, त्यात आणखी वायरी कशाला?"

जिपारगुलनं दुकानदाराला विचारलं, "याची स्क्रीन फुटली तर?"

"मग अख्खाच दुरुस्तीला द्यावा लागेल, ताई."

"तर मला डबा वेगळा आणि स्क्रीन वेगळी दे."

"आपल्या घरात स्क्रीन फोडणार कोण?" केनेश हसला.

ते काम त्याच्याच एडक्यानं केलं. एका दुपारी दार उघडं राहिलं. बंद स्क्रीनच्या काळ्या काचेत त्याला दुसरा एडका दिसला आणि त्यानं सरळ धडक दिली. टेबलाखालचा डबा मात्र शाबूत होता, आणि त्यात एका नवरीच्या गालिच्याची नक्षी होती. जिपारगुलनं तो बैठकीतल्या टीव्हीला जोडला. एवढी मोठी नक्षी बघायला गल्लीतल्या आम्ही साऱ्या बायका जमलो.

किर्गिझ नक्षीत शिंगंच शिंगं असतात. मी म्हटलं, "शिंगं अजून वळव गं!"

"वळवते. आज अगदी जवळून बघितलीत!"

केनेश दारातून म्हणाला, "नवी स्क्रीन कधी आणायची? आज टीव्हीवर कुस्त्या आहेत."

"आणू की. पण मला हीच बरी वाटतेय."

गालिचा पुरा होईपर्यंत बिचारा कुस्त्या बघायला आमच्याकडे यायचा. माझ्या नवऱ्याला सोबत झाली, चहा मात्र मला करावा लागला.