कॉम्प्युटरमधली हवा आणि बाबांचा कान

माझ्या वडिलांच्या कानाच्या मशीनमध्ये काहीही बिघाड नव्हता. हे मला पहिल्यापासून माहीत होतं, तरी मी गप्प बसलो.

मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. काम घरीच, रत्नागिरीत, ओटीला लागून असलेल्या खोलीत. इथल्या दमट हवेत माझा कॉम्प्युटर असा तापायचा की त्याचे पंखे किंचाळायला लागायचे. शेजारच्या खोलीत बायको शिकवण्या घेते. "अहो, तुमचं विमान उतरलं की सांगा, मग मी अपूर्णांक शिकवते," ती म्हणायची.

म्हणून मी कॉम्प्युटर पाण्याने थंड करायची सोय स्वतःच्या हाताने केली. प्रोसेसरवर तांब्याचा ठोकळा, त्याला पारदर्शक नळ्या, माशांच्या टाकीत लावतात तो छोटा पंप, जुन्या गाडीचा रेडिएटर, आणि पाणी साठवायला लोणच्याची काचेची बरणी. कितीही धुतली तरी बरणीचा वास गेला नाही. जेवताना मी जाहीर केलं, "आता या घरात कॉम्प्युटरचा आवाज बंद." नको तेवढ्या ठामपणे जाहीर केलं.

त्याच सुमारास बाबांनी कानाचं मशीन घेतलं. कित्येक वर्षं ते नको म्हणत होते. लांज्याची आत्या फोनवर काजू वाळत घातल्याचं सांगायची आणि बाबा तिला डॉक्टरकडे जायचा सल्ला द्यायचे. मशीन घातल्यावर त्यांनी तिला पहिला फोन केला. आत्या आधी रडली, मग भांडली. बाबाही भांडले. फार दिवसांनी दोघांना नीट भांडता आलं. फोन ठेवल्यावर ते इतके खुशीत होते की त्यांनी स्वतःहून चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी झोपाळ्यावर बसल्या बसल्या त्यांनी मान वर केली. "पाणी कुठे वाहतंय रे?"

पाणी माझ्या खोलीत वाहत होतं. आधी गुडगुड, मग जरा थांबून कुणीतरी चूळ भरावी तसा आवाज.

"कुठे? काही नाही," मी म्हणालो.

शब्द तोंडातून निघून गेले. कारण एवढंच की जेवताना मी फुशारकी मारली होती.

"तुला येत नाही ऐकू?"

"नाही, बाबा."

त्यांनी मशीन काढलं, फुंकर मारली, बनियनला पुसलं, परत घातलं. गुडगुड. "म्हणजे हे बिघडलंय. नाहीतर माझ्याच डोक्यात पाणी झालंय," ते म्हणाले, आणि मशीन चष्म्याच्या डबीत गेलं. संध्याकाळी आत्याचा फोन आला तेव्हा त्यांनी तो तसाच माझ्या हातात दिला.

बायकोने मला स्वयंपाकघरात गाठलं. "त्यांना सांगा ना, तुमचं लोणचं वाजतंय म्हणून."

"आवाजच घालवतो. मग सांगायची गरज नाही."

"आवाज गेला म्हणजे तुमचं खोटंही जाईल होय?"

मी आवाजाच्या मागे लागलो. पंपाखाली जुन्या स्लिपरचे तुकडे घातले. मग तो रबरांनी टांगून ठेवला. बरणीला गोधडी गुंडाळली. स्क्रूड्रायव्हरचं टोक प्रत्येक भागावर टेकवून मूठ कानाला लावली आणि डॉक्टरसारखा तपासत गेलो. पंप निर्दोष निघाला. आवाज रेडिएटरमधून येत होता. त्याच्या वरच्या कोपऱ्यात हवा अडकली होती आणि पाणी तिला ढुशा देत होतं. ती काढायची तर पंप चालू ठेवून सगळा संसार सावकाश तिरका करत हलवायला हवा होता. मला एकट्याला तो उचलतही नव्हता.

ओटीवर झोपाळा होता. बाबा दुपारी आत झोपले होते.

कॉम्प्युटर, रेडिएटर आणि बरणी मी झोपाळ्यावर ठेवली, बाबांच्याच पंच्याने कड्यांना बांधली, वायर ओढून फक्त पंप चालू केला आणि झोके द्यायला लागलो. अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडून शेजारच्या काकूंनी डोकं वर काढलं.

"काय रे, बारसं कधी?"

"काकू, हवा काढतोय."

"हो हो, काढ. खांद्यावर घे, लवकर निघेल."

तेवढ्यात बाबा बाहेर आले. कान मोकळेच होते. त्यांनी पंच्याकडे पाहिलं, कॉम्प्युटरवर हात ठेवला आणि विचारलं, "ताप आलाय याला?" मग कडेला उरलेल्या जागेत बसून सवयीने पायाने एक रेटा दिला. झोपाळा तिरका वर गेला, आणि रेडिएटरमधून एक भला मोठा बुडबुडा निघून बरणीत येऊन फुटला. गुडगुड थांबली.

आता गप्प बसलो असतो तर बाबांना कधीच काही कळलं नसतं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला ते जमेना.

"बाबा, त्या दिवशी आवाज येत होता! मी खोटं बोललो!"

"काय?"

"मी खोटं बोललो!" मी ओरडलो. आतल्या शिकवणीतले पाढे थांबले. काकू गडग्यावर कोपर टेकून उभ्या राहिल्या.

"थांब, मशीन घालून येतो," बाबा म्हणाले. आत जाऊन आले, पुन्हा झोपाळ्याच्या कडेला बसले. "हां, आता बोल."

मला पुन्हा सगळं सांगावं लागलं, या वेळी हळू. ते जास्त कठीण गेलं.

बाबा बराच वेळ कान देऊन बसले. "पण आता तर काहीच येत नाही."

"हवा गेली ना, बाबा."

"मग तू म्हातार्‍याला बरं वाटावं म्हणून बोलत नाहीयेस, हे मी कशावरून मानू? एकदा नाही म्हणालास, आता हो म्हणतोयस."

मी बरणी तिरकी केली. नळीचं तोंड उघडं पडलं, पंपाने हवा ओढली आणि इतक्या खटपटीने घालवलेली गुडगुड परत सुरू झाली.

बाबांनी डोळे मिटले. "हां. हाच."

"मलाही येतोय," गडग्यावरून काकू म्हणाल्या.

"मला पहिल्या दिवसापासून येतोय," आतून बायको म्हणाली.

बाबांनी मशीन कानात नीट बसवलं आणि पाय जमिनीला टेकवला. "चल, काढ आता परत. आणि जरा लवकर आटप, मला लांज्याला फोन लावायचाय."