एका दमात तीस

मी निवृत्त झाले आणि दोन वर्षांनी कोरोनाची साथ आली. मला साखर आहे, म्हणून मुलाने सांगून टाकलं, "आई, तू दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही." तीस वर्षं परळच्या एका इस्पितळात नर्स म्हणून काढली होती, त्यातली निम्मी टीबीच्या वॉर्डात. आणि आता घरात बसून भाजी निवडायची. मला लाज वाटायला लागली. मग मी फोन हातात घेतला. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत कोणाला ताप आला की मी दिवसातून तीनदा चौकशी करायचे.

पहिल्या मजल्यावरच्या काकींचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. सत्तरी ओलांडलेली बाई, एके काळी गिरणीत वाइंडिंग खात्याला होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी गावी अडकलेली. पालिकेच्या वॉर्ड ऑफिसातले डॉक्टर मला फोनवर म्हणाले, "त्रास सौम्य आहे. एक संडास त्यांच्यापुरता ठेवला तर घरी राहू देत."

तासाभरात चाळीच्या सेक्रेटरीचा फोन. "सिस्टर, त्यांना कोविड सेंटरला हलवायला सांगा. लोक घाबरलेत."

"मजल्यावर चार संडास आहेत," मी म्हटलं. "कोपऱ्यातला त्यांना दे. जाण्याआधी त्या दारावर ताट वाजवतील, तेवढ्यात सगळ्यांनी आत जायचं. नंतर त्या स्वतः फिनेल ओततील."

"कमिटीला पटणार नाही."

"मग कमिटीने मला फोन करावा."

कोणी केला नाही. काकींना विचारलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "बाय, माका खंय जावचा नाय."

ऑक्सिमीटर तेव्हा दुकानात मिळत नव्हता. काकींचा फोन बटणांचा, चेहरा दिसायची सोय नाही. माझ्याकडे फक्त त्यांचा आवाज होता. श्वास किती पुरतो ते कळावं म्हणून मी त्यांना एका दमात आकडे म्हणायला लावायचे. पहिल्या दिवशी त्या तीसपर्यंत पोचल्या. दुसऱ्या दिवशी सव्वीस. चौथ्या दिवशी पुन्हा तीस, पण सतराच्या पुढे काहीतरी खटकलं.

"काकी, मध्ये श्वास घेतलात."

"नाय घेतला."

"मी ऐकला."

मग म्हणाल्या, "तू माका पाठवशील, म्हणून घेतला."

"पाठवायची वेळ आली तर मीच पाठवीन. कमिटीच्या सांगण्यावरून नाही. पण माझ्याशी खोटं बोलायचं नाही."

सहाव्या दिवशी दुपारी त्या अकरावर थांबल्या, आणि त्या अकरांतही धाप होती. मी फोन चालू ठेवला, मुलाच्या फोनवरून अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली आणि ती येईपर्यंत त्यांना पालथं झोपायला सांगून बोलत राहिले. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याने बोटाला मशीन लावलं. ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी, फारच कमी. काकी जिन्यावरून उतरताना सेक्रेटरी गॅलरीतून मोठ्याने म्हणाला, "मी आधीच सांगत होतो." मी वरून ऐकलं. काकींना घरी ठेवलं ते बरोबर होतं का, अशी त्या दिवशी मला माझीच शंका येत होती.

दहा दिवसांनी सकाळी काकींचा फोन आला. "बाय, मी खाली आलंय. गेट बंद हा."

मी मास्क चढवला. मुलगा आडवा आला, त्याला बाजूला केलं आणि दीड महिन्यांनी जिना उतरले. काकी फुटपाथवर पिशवीवर बसल्या होत्या, हातात डिस्चार्जचा कागद. सेक्रेटरी गेटच्या आतल्या बाजूला, किल्ली त्याच्या मुठीत.

"चौदा दिवस कुठेतरी राहू देत," तो म्हणाला.

"कुठेतरी म्हणजे कुठे?"

त्याने गेटचं कुलूप ओढून पाहिलं.

"तुझ्या वडिलांना टीबी होता तेव्हा तू शाळेत होतास," मी म्हटलं. "तीन महिने रोज सकाळी त्यांना इंजेक्शन द्यायला मी तुमच्या खोलीत येत होते. ते याच चाळीत राहिले. त्यांना कोणी गेटबाहेर बसवलं होतं का?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती, सिस्टर."

"वेगळी एवढीच की तेव्हा तू घाबरला होतास आणि चाळ नव्हती घाबरली. आता मला बाहेर सोड."

त्याला वाटलं मी निघून जाते आहे. त्याने गेट उघडलं, मी बाहेर गेले आणि काकींपासून हातभर अंतरावर फुटपाथवर बसले. "लाव कुलूप," मी म्हटलं. "आम्ही दोघी इथेच आहोत."

गॅलऱ्या माणसांनी भरल्या. मग दुसऱ्या मजल्यावरची एक सून, जिच्याशी माझं कधी धड बोलणंही झालं नव्हतं, वरून म्हणाली, "काकींचं घर आहे ते. येऊ द्या त्यांना." तिच्या सासूने तिला आत ओढलं, पण बोलायचं ते बोलून झालं होतं. आणखी दोघं-तिघं बोलली. सेक्रेटरी गेट तसंच उघडं टाकून निघून गेला.

काकी हळूहळू चढल्या, प्रत्येक पायरीवर थांबत. मी मागून चालले. मुलगा त्यानंतर आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होता. सेक्रेटरी आजही जिन्यात भेटला की मान वळवतो. वळवू दे.